छायाचित्राचे मोल आणि वादाचे माप



भिवंडीचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. यंत्रमागांचे अंधारे कारखाने, खड्ड्यांतून वाट काढणारे मालवाहू ट्रक, महामार्गालगत पसरलेली गोदामे आणि पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांच्या मनात १९७० व १९८४ च्या मे महिन्यांतील दंगली. कामवारीच्या काठचे जुने गाव, लोनाडची लेणी, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी नाते सांगणारे तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर ही चित्रे मात्र त्याच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. वर्तमानपत्रांतून जे छापले गेले तेच भिवंडीचे रूप म्हणून देशभर रूढ झाले.

आणखी एक चित्र आहे, जे कधी निघालेच नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. परंतु दंगलींचे गाव म्हणून हिणवली गेलेली भिवंडी शांत राहिली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसह एका सतरंजीवर बसू लागली होती. त्या परिश्रमांचे फळ त्या दोन महिन्यांत दिसले. परंतु न पेटलेल्या घराचे, न उचललेल्या दगडाचे छायाचित्र कसे निघणार? जे घडते त्याचेच चित्र निघते. जे टळते त्याचे निघत नाही. छायाचित्राची ही मर्यादा भिवंडीकरांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणूनच आजचा प्रश्न या गावात विचारणे उचित ठरते. एखाद्या छायाचित्रावरून राजकीय वादळ उठले, त्याने कोणा पक्षाची, समाजाची अथवा देशाची प्रतिमा डागाळली, तर त्या वादाचा परिणाम त्याच्या गुणवत्तेच्या मूल्यमापनावर व्हावा काय? परीक्षकाने त्याचे गुण कमी करावेत काय? आणि ते आपल्या बाजूचे असेल, तर गुण वाढवावेत काय?

दोन छायाचित्रकार, चार छायाचित्रे

या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा प्रत्यक्ष उदाहरणांवरून करणे श्रेयस्कर.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी अंदाधुंद गोळीबार करीत होते. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसूझा स्थानकासमोरच्या कार्यालयातून कॅमेरा घेऊन धावत आत शिरले. उभ्या असलेल्या गाड्यांच्या डब्यांचा आडोसा घेत, फ्लॅश न वापरता, स्थानकातील अपुऱ्या प्रकाशात त्यांनी छायाचित्रे टिपली. त्यांपैकी एक साऱ्या जगाने पाहिले : पाठीवर पिशवी, हातात बंदूक आणि निर्ढावलेल्या चालीने फलाटावरून जाणारा अजमल कसाब. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर हेही त्या रात्री तेथेच छायाचित्रे घेत होते. पुढे दोघांनी न्यायालयात साक्ष दिली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने या दोघांच्या साक्षीची आणि जिवाची पर्वा न करता बजावलेल्या व्यावसायिक कर्तव्याची आवर्जून नोंद घेतली. या छायाचित्राविषयी कोणाही देशभक्त माणसाच्या मनात आदरच आहे.

परंतु याच डिसूझा यांच्या कॅमेऱ्यातून सहा वर्षांपूर्वी आणखी एक छायाचित्र निघाले होते. २००२ च्या फेब्रुवारीअखेर अहमदाबादेत, मागे आगीचे लोळ, कपाळाला भगवी पट्टी, एका हातात लोखंडी गज आणि दोन्ही हात पसरून उभा असलेला एक दाढीधारी तरुण त्यांनी टिपला. तेव्हा ते एएफपी या वृत्तसंस्थेसाठी काम करीत. ते छायाचित्र जगभर छापले गेले आणि साऱ्या हिंदू समाजाचा चेहरा म्हणून मिरवले गेले. ज्या हातांनी कसाब टिपला, त्याच हातांनी हेही टिपले. पहिल्याचे कौतुक करताना डोळा, धैर्य आणि तंत्र यांचे गुण द्यायचे आणि दुसरे समोर आले की तेच गुण काढून घ्यायचे, हा न्याय म्हणता येईल काय?

दुसरे उदाहरण आर्को दत्ता यांचे. २००२ मध्ये रॉयटर्ससाठी काम करताना त्यांनी अहमदाबादेत हात जोडलेल्या, डोळ्यांत पाणी आलेल्या एका शिंप्याचे छायाचित्र घेतले. गुजरातची बदनामी करणारे चित्र म्हणून त्याच्यावर मोठा रोष झाला. पुढे डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीनंतर तामिळनाडूतील कडलूरच्या किनाऱ्यावर, मृत आप्ताशेजारी वाळूत कोसळलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र दत्ता यांनी घेतले. त्याला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा वर्षातील सर्वोत्कृष्ट छायाचित्राचा सन्मान मिळाला, तेव्हा भारतीय छायाचित्रकाराचा गौरव म्हणून सर्वांनी अभिमान बाळगला. दोन्ही चित्रांत एकाच डोळ्याने माणसाचे दुःख पाहिले आहे. एका दुःखाला निसर्ग कारण होता, दुसऱ्याला माणूस. कारण बदलल्याने पाहणाऱ्याचा राग बदलतो, हे स्वाभाविक आहे. चित्राचे मोल त्या रागाबरोबर बदलत नाही.

वाद नेमका कशाशी?

वाद उठतो तेव्हा बहुधा तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. पहिली म्हणजे प्रत्यक्ष छायाचित्र. दुसरी म्हणजे त्याखाली छापलेली ओळ. तिसरी म्हणजे त्याचा नंतर झालेला वापर. या तिन्हींचे कर्ते निरनिराळे असू शकतात, म्हणून तिन्हींचा हिशेबही निरनिराळा मांडावा लागतो.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र एके काळी घरोघरी आणि पुस्तकांतून प्रचलित होते. प्रत्यक्षात ते इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३० च्या दशकात ही चूक पुराव्यानिशी दाखवून दिली आणि डच साधनांतून मिळालेले महाराजांचे अस्सल चित्र समाजापुढे ठेवले. त्या जुन्या चित्रकाराचा दोष काय होता? त्याने सरदाराचे चित्र सरदाराचेच म्हणून काढले होते. असत्य चित्रात नव्हते, चित्राखालच्या नावात होते. बेंद्रे यांनी चित्र फाडले नाही, नाव दुरुस्त केले. शिवाय जे अस्सल चित्र मिळाले ते परक्यांच्या संग्रहातून आले म्हणून कोणी नाकारले नाही, हेही विसरता येत नाही.

अलीकडचे उदाहरण मे २०२० मधले. असोसिएटेड प्रेसचे दार यासीन, मुख्तार खान आणि चन्नी आनंद यांना जम्मू-काश्मीरमधील छायाचित्रांसाठी पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. पारितोषिक मंडळाने मानपत्रात काश्मीरला ‘वादग्रस्त प्रदेश’ म्हटले आणि भारताने त्याचे ‘स्वातंत्र्य’ रद्द केल्याचे लिहिले. हे विधान वस्तुस्थितीला सोडून होते. ३७० व्या कलमाने राज्याला विशेष दर्जा दिला होता. काश्मीर हा भारताचाच भाग होता आणि आहे. भारतात त्यावर उठलेला आक्षेप पूर्णतः रास्त होता. परंतु तो आक्षेप न्यूयॉर्कमध्ये बसून मानपत्र लिहिणाऱ्यांवर होता. श्रीनगरच्या रस्त्यावर उभे राहून कॅमेरा चालवणाऱ्याच्या चौकटीतील रचना, क्षण आणि प्रकाश यांचे परीक्षण त्या एका वाक्यावरून होऊ शकत नाही. मानपत्र लिहिणाऱ्याच्या चुकीची शिक्षा छायाचित्राला दिली, तर मूळ चूक करणारा अनायासे सुटतो.

वापराचेही असेच. गुजरातच्या त्या दोन छायाचित्रांतील माणसांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. हात जोडलेला शिंपी दंगलखोरांपुढे गयावया करीत असल्याचा समज सर्वत्र पसरला. वस्तुतः तो सुरक्षा दलाच्या जवानांकडे सुटकेची याचना करीत होता आणि त्याची सुटकाही झाली. चित्राखालची ओळ नीट वाचली असती, तर मदतीला धावणारा जवानही वाचकाला दिसला असता. आपले छायाचित्र छापले जाऊ नये, असे तो माणूस पुढे वर्षानुवर्षे विनवीत राहिला. तरीही २०१६ साली आसामच्या विधानसभा निवडणुकीत ते एका पक्षाच्या जाहिरातीत झळकलेच. भगव्या पट्टीचा तरुण व्यवसायाने चर्मकार. आपण कोणत्याही संघटनेचे सदस्य नव्हतो, असे त्याने पुढे सांगितले. न्यायालयाने त्याची मुक्तता केली. २०१४ साली केरळमध्ये हे दोघे एका व्यासपीठावर आले आणि २०१९ मध्ये अहमदाबादेत त्या चर्मकाराच्या पादत्राणांच्या दुकानाचे उद्घाटन त्या शिंप्याच्या हस्ते झाले. एका क्षणाच्या चित्रावरून ज्यांनी दोन समाजांची कायमची व्याख्या केली, त्यांना या दोन सामान्य माणसांनी दिलेले हे उत्तर आहे. चित्राने तो क्षण खरा सांगितला होता. त्या क्षणाला साऱ्या समाजाचे चरित्र ठरवले, ते चित्र वापरणाऱ्यांनी.

कसाबच्या छायाचित्रातही हा धोका होता. त्याच्या मनगटावर लाल दोरा दिसतो. हल्लेखोरांजवळ हिंदू नावांची बनावट ओळखपत्रे होती आणि कसाबचे ओळखपत्र बेंगळुरूच्या एका हिंदू नावाचे होते. तो त्या रात्री मारला गेला असता, तर त्या उत्कृष्ट छायाचित्राखाली कोणती ओळ छापली गेली असती? सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ छातीवर गोळ्या झेलून त्याला जिवंत पकडू दिले, म्हणून त्या चित्राखाली खरे नाव आले. चित्र तेच राहिले असते. त्याचा अर्थ मात्र एका हुतात्म्याच्या बलिदानाने राखला.

वाद केव्हा ऐकावा?

मग वादाकडे परीक्षकाने पूर्ण दुर्लक्ष करावे काय? तसे मुळीच नाही. वृत्तछायाचित्राच्या गुणवत्तेत सत्यता हा पहिला निकष आहे. रचना कितीही देखणी असली तरी प्रसंग बनावट असेल, स्थळ खोटे असेल किंवा संगणकावर काही घातले-काढले असेल, तर ते वृत्तछायाचित्र म्हणून बाद ठरते. म्हणून वादातून पुरावा पुढे आला, तर तो ऐकलाच पाहिजे.

बेल्जियममधील शार्लरॉय या शहराचे उदाहरण भिवंडीकरांना विशेष जवळचे वाटेल. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेले आणि ते उद्योग खालावल्यावर उतरती कळा लागलेले हे कामगारांचे शहर. जिओव्हानी त्रोइलो या इटालियन छायाचित्रकाराच्या शार्लरॉयवरील मालिकेला २०१५ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चे पहिले पारितोषिक मिळाले. मालिकेत शहराचे चित्र अत्यंत काळवंडलेले होते. शहराच्या महापौरांनी, आपल्या गावाची विकृत प्रतिमा रंगवली आहे, अशी तक्रार केली आणि पारितोषिक मागे घेण्याची मागणी केली. आयोजकांनी चौकशी केली आणि प्रथम पारितोषिक कायम ठेवले. प्रतिमा डागाळली एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले नाही. परंतु त्यानंतर मालिकेतील एक छायाचित्र शार्लरॉयचे नसून ब्रुसेल्सच्या मोलेनबीक भागात घेतलेले आहे, हे उघड झाले आणि पारितोषिक रद्द करण्यात आले.

या प्रकरणात दोन्ही निर्णय लक्षात ठेवण्याजोगे आहेत. गावाच्या मानहानीची तक्रार आली, तेव्हा चित्र टिकले. स्थळाचे असत्य सिद्ध झाले, तेव्हा चित्र गेले. उद्या एखाद्याने भिवंडीवर छायाचित्र मालिका केली आणि तीत केवळ तुंबलेली गटारे व काजळलेले कारखाने दाखवले, तर भिवंडीकरांना वाईट वाटेल. पण तेवढ्याने ती मालिका वाईट ठरणार नाही. मात्र तीत दुसऱ्या गावचे गटार भिवंडीचे म्हणून दाखवले असेल, तर तो फसवणुकीचा प्रकार ठरेल आणि तो पुराव्यानिशी उघड करणे हे प्रत्येक गावकऱ्याचे कर्तव्य ठरेल.

व्हिएतनाम युद्धातील, बॉम्बच्या आगीत होरपळून रस्त्यावर धावणाऱ्या मुलीच्या १९७२ च्या प्रसिद्ध छायाचित्राविषयी मे २०२५ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने घेतलेला निर्णयही असाच विवेकाचा आहे. ते छायाचित्र नक्की कोणी काढले, याविषयी गंभीर शंका उपस्थित झाल्यावर संस्थेने निक उट यांच्या नावाची नोंद स्थगित केली. छायाचित्राला दिलेला सन्मान मात्र कायम ठेवला. ज्या गोष्टीवर शंका आली, तेवढ्याच गोष्टीवर कारवाई झाली.

आक्षेपकांची बाजू

पूर्वपक्ष नीट मांडल्याविना सिद्धांत मांडू नये, ही आपली परंपरा आहे. या विषयातील पूर्वपक्ष दुर्बळ नाही. आक्षेपक म्हणतात, छायाचित्र निष्पाप नसते. कोणत्या क्षणी कळ दाबायची, शंभरांतून कोणते निवडायचे, कोणते जगापुढे ठेवायचे, हे माणूस ठरवतो आणि माणसाला पूर्वग्रह असतात. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीच्या स्मशानांतील चितांची छायाचित्रे जगभर पसरली. रॉयटर्सचे दानिश सिद्दीकी यांच्या अशाच छायाचित्रांवरून देशात तीव्र वाद झाला. अंत्यसंस्कार हा कुटुंबाचा खासगी, पवित्र विधी. तो आकाशातून टिपून जगाच्या बाजारात का मांडावा, असा प्रश्न अनेक घरांतून विचारला गेला. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ रोजी जळत्या मनोऱ्यातून कोसळणाऱ्या माणसाचे रिचर्ड ड्रू यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापले गेले आणि वाचकांच्या संतापानंतर तेथील बहुतेक वृत्तपत्रांनी ते पुन्हा छापण्याचे टाळले. स्वतःच्या मृतांना जो मान दिला जातो, तो भारताच्या मृतांना का दिला जाऊ नये?

हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण तो प्रसिद्धीच्या मर्यादेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर संपादकाने द्यायचे आहे. त्या चिता खऱ्या होत्या. त्या दिवसांत स्मशानांत जागा अपुरी पडत होती आणि त्या काळात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. जे खरे होते, ते टिपणाऱ्याला खोटे ठरवून मृतांचा सन्मान होत नाही. सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात कंदाहार प्रांतातील स्पिन बोल्डक येथे चकमकीचे वार्तांकन करताना मारले गेले. २०२२ मध्ये कोरोनाकाळातील छायाचित्रांसाठी त्यांना मरणोत्तर आणि त्यांच्यासह अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू व अमित दवे या सहकाऱ्यांना पुलित्झर मिळाले. त्या छायाचित्रांच्या प्रसिद्धीविषयी मतभेद राहतील. पण ती काढणारा जीव धोक्यात घालून समोरचे टिपत होता, हे नाकारून कोणताही युक्तिवाद बळकट होत नाही.

निवडीतील पूर्वग्रहाचे उत्तरही गुण कापण्यात नाही. एकांगी चित्राला दुसऱ्या अंगाचे तितकेच सत्य आणि तितकेच कसदार चित्र हेच उत्तर आहे.

परीक्षकाचा धर्म

नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, तेव्हा सत्ता रघुनाथरावांच्या हाती होती. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांनाच दोषी ठरवले. धनी कोण आणि चाकर कोण, हे त्यांनी पाहिले नाही. महाराष्ट्र अडीचशे वर्षे रामशास्त्र्यांचे नाव घेतो ते याच कारणासाठी. परीक्षकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याने, मग ती खुर्ची शाळेतील छायाचित्र स्पर्धेची का असेना, हे नाव स्मरावे.

व्यवहारात याचे नियम सोपे आहेत. छायाचित्रकाराचे नाव, गाव आणि जात-धर्म झाकून चित्र पाहावे. पहिला प्रश्न सत्याचा : प्रसंग खरा आहे काय, स्थळ-काळ बरोबर आहे काय, मूळ फाईल उपलब्ध आहे काय? दुसरा प्रश्न कसबाचा : क्षण नेमका पकडला आहे काय, प्रकाश आणि रचना आशयाला साहाय्य करतात काय? तिसरा प्रश्न ओळीचा : चित्र जेवढे दाखवते, तेवढेच ओळ सांगते काय? या तिन्हींची उत्तरे कागदावर लिहावीत आणि शेवटी एक कसोटी लावावी : हेच चित्र विरुद्ध बाजूला बोचणारे असते, तर एवढेच गुण दिले असते काय? या प्रश्नाला मन कचरले, तर समजावे की चित्राऐवजी पक्षाला गुण दिले जात आहेत.

कार्यकर्त्याच्या दृष्टीने याचे आणखी एक महत्त्व आहे. जो माणूस आपल्याला न आवडणारे खरे चित्र खरे म्हणून मान्य करतो, त्याने उद्या एखादे चित्र खोटे म्हटले, तर लोक त्याचे ऐकतात. जो प्रत्येक अप्रिय चित्राला कारस्थान म्हणतो, त्याचा खरा आक्षेपही वाऱ्यावर जातो. आज संगणकाला चार शब्द सांगितले की न घडलेल्या दंगलीचे हुबेहूब चित्र तयार होते आणि ते क्षणार्धात हजारो भ्रमणध्वनींवर पोहोचते. दंगलींचे चटके सोसलेल्या भिवंडीसारख्या गावात अशा एका चित्राची किंमत किती पडू शकते, हे सांगायला नको. त्या वेळी चित्र पुढे धाडण्यापूर्वी थांबून पारखणारे शंभर डोळे गावात असतील, तर गाव वाचेल. ते डोळे एका रात्रीत तयार होत नाहीत. आपल्या बाजूचे खोटे चित्र नाकारण्याची आणि विरुद्ध बाजूचे खरे चित्र स्वीकारण्याची सवय त्यांना आधीपासून लागलेली असावी लागते.

आणि भिवंडीच्या तरुणांनी कॅमेरा हाती घ्यावा. मागावर रात्रपाळी करणारा कामगार, सुताच्या धुळीत खोकणारा वृद्ध, पहाटेच्या वज्रेश्वरीची वाट, २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोसळलेल्या जिलानी इमारतीसारख्या अनेक जीर्ण इमारतींत आजही राहणारी कुटुंबे आणि दोन समाजांचे लोक एका सतरंजीवर बसतात ती बैठक, हे सारे त्यांनी टिपावे. उजळ तेवढेच निवडू नये, काळेही लपवू नये. ज्या गावाचे चित्र इतकी वर्षे इतरांनी काढले, त्याने आता आपले चित्र स्वतः काढावे आणि ते इतके खरे काढावे की त्याच्या परीक्षकाला कोणाचाही पक्ष विचारण्याची गरज पडू नये.